टीबीच्या जोडीला दुसरा आजार असेल तर

टीबी झाल्याचे कळले की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘बरा होईल ना?’ उत्तर सहसा ‘हो’ असेच असते. नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने बरा होतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, असा हा कोर्स. पण ‘हो’ म्हणताना डॉक्टरांच्या मनात पुढचे प्रश्न सुरू झालेले असतात. या माणसाला आणखी काय आहे? साखर आहे का, एचआयव्ही आहे का, मूत्रपिंड कसे आहे, दारू किती आहे, वजन किती भरते? सहा महिन्यांनी कोण ठणठणीत होणार, कोणाच्या गोळ्या मध्येच थांबवाव्या लागणार आणि कोणाचा टीबी उलटणार, हे बऱ्याच अंशी याच उत्तरांवर ठरते.

आपल्याकडे हा प्रश्न फार मोठा आहे. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. हे दोन आजार एकाच घरात, एकाच अंगात भेटणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यातच रक्तदाब, थायरॉइड, दमा, संधिवात असे वर्षानुवर्षे गोळ्या घ्यायला लावणारे आजारही आहेत.

अशा रुग्णांचे जे नुकसान होते त्यातले बरेचसे टाळता येते. त्यासाठी एक गोष्ट मात्र पाळावी लागते. टीबीचे डॉक्टर आणि दुसऱ्या आजाराचे डॉक्टर या दोघांपुढे एकच कागद असायला हवा आणि तो कागद तीनदा नव्याने तपासला जायला हवा: गोळ्या सुरू होताना, दोन महिने झाल्यावर आणि गोळ्या बंद होताना. तिसऱ्या वेळेचा सगळ्यांना हमखास विसर पडतो, म्हणून तिच्याबद्दल पुढे जरा सविस्तर लिहिले आहे.

पहिल्या आठवड्यातली कामे

टीबीचे निदान झाले की थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या. रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे त्यातून कळते. त्याच आठवड्यात वजन, उंची, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचआयव्ही, हिमोग्लोबिन, यकृताची तपासणी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढे करून घ्यावे. साखर आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी टीबी कार्यक्रमात प्रत्येक रुग्णासाठी आहे. ‘मला कशाला’ म्हणून ती टाळू नका. कित्येकांना आपल्याला मधुमेह असल्याचे पहिल्यांदा टीबीच्या तपासणीतच कळते.

दुसरे काम घरातले. एक पिशवी घ्या आणि सध्या पोटात जाणाऱ्या, टोचल्या जाणाऱ्या किंवा हुंगल्या जाणाऱ्या सगळ्या औषधांची पाकिटे तिच्यात टाका. बीपीची गोळी, थायरॉइडची बाटली, इन्सुलिनचे पेन, इनहेलर, ॲसिडिटीचे पातळ औषध, गुडघेदुखीची गोळी, झोपेची गोळी, वैद्यांचा काढा, ओळखीतल्या कोणी आणून दिलेले भस्म, सगळे. गर्भनिरोधक गोळ्याही टाका. सासूबाई सोबत आल्या आहेत म्हणून त्या घरी राहतात आणि नेमक्या त्याच गोळ्या टीबीच्या औषधासोबत निकामी होतात.

ही पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. मग एका कागदावर चार रकाने आखा: औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, कोणी लिहून दिले. वरच्या ओळीत ठळक लिहा, ‘टीबीचे औषध सुरू केल्याची तारीख’. हा कागद फायलीत ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी तो दाखवा.

रिफॅम्पिसिन काय करते

टीबीच्या गोळीने लघवी नारिंगी-लाल होते, हे बहुतेकांना सांगितलेले असते. तो रंग रिफॅम्पिसिनचा. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण हेच औषध आणखी एक काम करते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. यकृतातली औषधे मोडून बाहेर टाकणारी जी एन्झाइम्स असतात, त्यांना ते कामाला जुंपते. त्यामुळे दुसऱ्या आजारांची अनेक औषधे शरीरातून नेहमीपेक्षा लवकर निघून जातात. गोळी तीच, वेळ तीच, पण गुण कमी. हा परिणाम एक-दोन आठवड्यांत पूर्ण जोर धरतो आणि रिफॅम्पिसिन बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांत ओसरतो.

याचा फटका कोणाला बसतो ते पाहा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या: हृदयाची झडप बदललेल्या किंवा पायात गुठळी झालेल्या रुग्णाला वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असते. रिफॅम्पिसिन सुरू झाले की त्याचा परिणाम घटतो, म्हणून रक्त किती वेळात गोठते हे दाखवणारी आयएनआर तपासणी वारंवार करून डोस वाढवावा लागतो. रिव्हॅरॉक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन या नव्या गोळ्या रिफॅम्पिसिनसोबत सहसा देत नाहीत, त्यांच्याऐवजी दुसरी सोय करतात.

बीपी आणि हृदयाच्या गोळ्या: ॲम्लोडिपिन, निफेडिपिन, लोसार्टन, मेटोप्रोलॉल यांचा गुण कमी होऊ शकतो. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बीपी मोजा आणि आकडे लिहून ठेवा. कोलेस्टेरॉलच्या ॲटॉर्व्हास्टॅटिनचा गुणही असाच कमी होऊ शकतो.

थायरॉइड: लिव्होथायरॉक्सिन लवकर मोडले जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासून घ्यावे.

फिट्सचे औषध: इथे दोन औषधे दोन दिशांना ओढतात. आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनचे रक्तातले प्रमाण वाढते, तर रिफॅम्पिसिनमुळे कमी होते. झोक जाणे, जास्त झोप येणे किंवा पुन्हा फिट येणे यांपैकी काहीही झाले तर लगेच कळवा.

गर्भनिरोधक गोळ्या: यांवर अजिबात विसंबू नका. टीबीच्या उपचाराच्या काळात कॉपर-टी किंवा निरोध असा दुसरा उपाय हवा, आणि कोर्स संपल्यानंतरही निदान महिनाभर.

स्टेरॉइड आणि प्रत्यारोपणानंतरची औषधे: प्रेडनिसोलोनचा परिणाम घटतो. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन यांची पातळी इतकी खाली येऊ शकते की बसवलेले मूत्रपिंड धोक्यात यावे. अशा रुग्णाने प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टीबीची पहिली गोळीही घेऊ नये.

या यादीचा अर्थ ‘टीबीची गोळी नको’ असा मुळीच नाही. टीबी बरा करण्यात रिफॅम्पिसिनचा वाटा सर्वांत मोठा आहे. बदलायची असतात ती सोबतची औषधे आणि तीही डॉक्टरांनी.

मधुमेह: सर्वांत जास्त दिसणारी जोडी

मधुमेह असलेल्याला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट असते. टीबीच्या उपचारादरम्यान मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होतो आणि बरा झालेला टीबी उलटण्याचे प्रमाणही जास्त दिसते. साखर वाढलेली असताना जंतूंना गिळणाऱ्या पेशी मंदावतात, थुंकीतले जंतू जायला जास्त दिवस लागतात. एक्स-रेमध्येही फसगत होते. टीबीचा डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, पण मधुमेहींमध्ये तो खालच्या भागात दिसू शकतो आणि न्यूमोनिया समजून दोन-तीन आठवडे वाया जातात. साखरेच्या रुग्णाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल, तर थुंकी तपासायलाच हवी.

आता औषधांचा खेळ पाहू. समजा, एसटीचे एक कंडक्टर आहेत, वय ५२. रोज ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन घेतात. उपाशीपोटीची साखर १४०च्या आसपास असते. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात साखर २३०वर जाते. घरचे म्हणतात, ‘पथ्य मोडलंस.’ पथ्य मोडलेले नसते. रिफॅम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइडचा जोर कमी झालेला असतो. शिवाय ताप उतरून भूक लागू लागलेली असते. डॉक्टर ग्लिमेपिराइडचा डोस दुप्पट करतात, साखर ताळ्यावर येते आणि सहा महिने पार पडतात. टीबीच्या गोळ्या बंद होतात, सगळ्यांना हायसे वाटते, कंडक्टर ड्युटीवर जातात. दुप्पट झालेली ग्लिमेपिराइड मात्र तशीच चालू राहते. दोन आठवड्यांत रिफॅम्पिसिनचा परिणाम ओसरतो आणि ती गोळी पूर्ण ताकदीने काम करू लागते. एके दिवशी अकरा वाजता, तिकिटे काढता काढता, त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. शुगर लो झालेली असते.

म्हणून टीबीच्या कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात मधुमेहाच्या डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवा. त्यांना एवढेच सांगा: ‘रिफॅम्पिसिन अमुक तारखेला बंद होतेय, डोस कसा कमी करायचा?’ पुढचे तीन-चार आठवडे ग्लुकोमीटरवर रोज साखर पाहा. रक्त पातळ करायच्या गोळीचेही अगदी असेच आहे. वाढवलेला डोस तसाच राहिला तर रक्तस्राव होऊ शकतो.

कोणते औषध बरे? मेटफॉर्मिनवर रिफॅम्पिसिनचा म्हणावा तसा परिणाम होत नाही, त्यामुळे मूत्रपिंड ठीक असेल तर ते चालू ठेवता येते. मळमळीचा त्रास मात्र टीबीच्या गोळ्यांबरोबर वाढू शकतो. साखर फारच जास्त असेल, वजन फार उतरले असेल, तर डॉक्टर इन्सुलिन सुचवतात. इन्सुलिन म्हटले की अनेकांना आता आयुष्यभराचे लचांड लागले असे वाटते. तसे नाही. टीबीच्या काळात सुरू केलेले इन्सुलिन पुढे बंद करून पुन्हा गोळ्यांवर येता येते.

वेळापत्रकातला एक धोका लक्षात ठेवा. टीबीच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या असतात आणि इन्सुलिन नाश्त्याआधी. गोळ्यांनी मळमळले आणि नाश्ता गेलाच नाही, पण इन्सुलिन आधीच टोचून झाले, तर साखर झपकन खाली येते. म्हणून टीबीच्या गोळ्या घेतल्यावर तासभर थांबा, नाश्ता समोर आल्यावर आणि तो खाता येईल अशी खात्री झाल्यावरच इन्सुलिन घ्या. मळमळ रोजचीच असेल तर वेळ बदलून मागा. खिशात साखरेची पुडी ठेवा.

खाण्याच्या बाबतीत या रुग्णाची दोन्हीकडून ओढाताण होते. एक जण म्हणतो, टीबी आहे, भरपूर खा. दुसरा म्हणतो, साखर आहे, खाऊ नका. यावरचा तोडगा असा: जेवण कमी करायचे नाही, औषध त्याला जुळवून घ्यायचे. अंडी, मासे, दूध, दही, डाळी, मोडाची मटकी, शेंगदाणे, हरभरे हे वाढवा. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि पालेभाजी भरपूर घ्या. ग्लुकोज पावडर, फळांचे रस, शिरा आणि गोड पेज बंद. प्रोटीन पावडर घेणार असाल तर डब्यावर साखर किती लिहिली आहे ते वाचा.

टीबीच्या काळात मधुमेही रुग्णाची एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ८च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. पण टीबीत रक्त कमी झालेले असते आणि अशा वेळी हा आकडा फसवू शकतो, म्हणून बोटाच्या टोकावरून घेतलेल्या रोजच्या साखरेला महत्त्व द्या. आणखी एक गोष्ट. टीबीच्या तापाने आणि ताणाने मधुमेह नसलेल्यांचीही साखर काही काळ वाढते. त्यामुळे टीबीच्या वेळी पहिल्यांदाच सापडलेली साखर कोर्स संपल्यावर पुन्हा तपासा. काहींची ती पूर्ववत होते.

अनेक मधुमेहींच्या पायांना मुंग्या आधीच असतात. आयसोनियाझिडमुळे शरीरातले बी-६ जीवनसत्त्व कमी होऊन त्या वाढतात, म्हणून सोबत पिरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात. ती ‘नुसती व्हिटॅमिनची’ म्हणून सोडू नका. डोळ्यांचेही तसेच. एथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित नजर धूसर होते आणि लाल-हिरव्या रंगांतला फरक कळेनासा होतो. मधुमेहाने पडदा आधीच खराब असेल तर नवा बिघाड लक्षात येत नाही. कोर्सच्या सुरुवातीला एकदा डोळे तपासून ठेवा आणि पुढे पेपर वाचताना अक्षरे पुसट वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एचआयव्ही

एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण टीबी हेच आहे. आणि तरीही ही जोडी आज नीट हाताळता येते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, चालू नसेल तर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत ती सुरू करतात. मेंदूच्या आवरणाचा टीबी असेल तर काही आठवडे थांबतात. एआरटीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरचा परिणाम रिफॅम्पिसिनमुळे घटतो, म्हणून ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते आणि टीबीचे औषध संपल्यावरही दोन आठवडे तसेच चालू ठेवतात. संध्याकाळची ही जादा गोळी कशासाठी आहे हे रुग्णाला ठाऊक नसेल तर तीच आधी चुकते.

एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप पुन्हा चढणे, मानेच्या गाठी सुजणे असे होऊ शकते. प्रतिकारशक्ती जागी होऊन जंतूंवर तुटून पडते, त्याची ती खूण असते. औषध लागू पडत नाही असे समजून गोळ्या बंद करू नका, एआरटी केंद्रात जाऊन दाखवा. सोबत दिलेली कोट्रायमोक्साझोलची गोळीही चालू ठेवा.

यकृत आणि दारू

आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, कुपोषण, वाढते वय, संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. अशा रुग्णाने पहिल्या दोन महिन्यांत यकृताची तपासणी ठरावीक अंतराने करावी.

भूक पूर्ण जाणे, सततची उलटी, उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसली तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. लघवी लाल दिसणे आणि कावीळ यांत गल्लत होते, म्हणून आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. लक्षणे असताना यकृताची एन्झाइम्स नेहमीच्या मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणे नसतानाही पाचपट झाली तर डॉक्टर औषधे थांबवतात आणि यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करतात. आपल्या मनाने सगळ्या गोळ्या एकदम पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे.

दारूबद्दल आडपडदा नको. सुटत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा, सोडवायला औषधे आहेत. रोज पिणाऱ्याने ‘कोर्स संपेपर्यंत तरी’ थांबायचे ठरवले तरी अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. यकृतासाठी म्हणून परस्पर काढे सुरू करू नका.

मूत्रपिंड

डायलिसिसवरच्या रुग्णांना टीबीचा धोका बराच जास्त असतो आणि त्यांचा टीबी पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, गाठींत किंवा पोटात असतो. या रुग्णांत आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन नेहमीप्रमाणे देता येतात. पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल मात्र रोज न देता आठवड्यातून तीनदा, डायलिसिस झाल्यानंतर देतात. म्हणजेच चारही औषधे एकत्र असलेली सरकारी गोळी इथे चालत नाही, सुट्या गोळ्या मागाव्या लागतात. टीबी केंद्रात क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय गोळ्या उचलू नका. पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढते, त्यामुळे गाउट असलेल्यांचा अंगठा सुजू शकतो. प्रथिने किती खायची हे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, वरची मधुमेहाची यादी तशीच उचलू नका.

फुप्फुस, सांधे, मन

दमा, सीओपीडी किंवा दगडखाणीत काम करून झालेला सिलिकोसिस असेल तर टीबीचा खोकला जुन्या खोकल्यात लपतो आणि उपचारानंतरही दम लागणे राहू शकते. इनहेलर बंद करू नका. विडी-सिगारेट सोडा. धूम्रपान करणाऱ्यांचा टीबी उलटण्याचा धोका जास्त असतो.

संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याच्या आजारासाठी टीएनएफ रोखणारी बायोलॉजिक इंजेक्शने घेणाऱ्यांमध्ये शरीरात दडून बसलेला टीबी उसळी मारतो. म्हणून ती सुरू करण्याआधीच टीबीची तपासणी व्हायला हवी आणि गरज असेल तर प्रतिबंधक औषध घ्यायला हवे.

नैराश्य हीसुद्धा सहव्याधी, म्हणजे टीबीच्या जोडीचा आजारच आहे, आणि गोळ्या मध्येच सोडण्यामागे ते अनेकदा असते. नैराश्याची औषधे चालू असतील तर ती लपवू नका. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत देतात त्या लिनेझोलिडची यांतल्या काही गोळ्यांशी धोकादायक टक्कर होते. हेच लिनेझोलिड हिमोग्लोबिन कमी करते आणि पायांच्या मुंग्या वाढवते, म्हणजे मधुमेहींनी इथे दुप्पट सावध राहावे. सोबतच्या मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या औषधांनी साखर वरखाली होते, आणि बेडाक्विलिनसाठी वेळोवेळी ईसीजी लागतो. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधे मॉक्सिफ्लॉक्सॅसिनला पोटातच अडकवतात, त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवा.

कुपोषण: रिपोर्टमध्ये न दिसणारी सहव्याधी

उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ४५ किलो असेल तर बीएमआय साडेसोळाच्या आसपास येतो. १८.५च्या खाली कुपोषण धरतात. टीबी निदानाच्या वेळी आपल्याकडचे कितीतरी रुग्ण या रेषेखाली असतात, पण ‘टीबी म्हणजे वजन उतरायचेच’ म्हणून तिकडे कोणी आजार म्हणून पाहत नाही.

झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. टीबी रुग्णांना उपचारासोबत धान्य, डाळ, दूध पावडर, तेल यांचा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. घरच्यांनाही शिधा दिला तेव्हा त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. ४५ किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे सव्वादोन किलो. हे लक्ष्य भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दर पंधरवड्याला एकाच काट्यावर वजन करा. वजन ५ किलोहून जास्त वाढून गट बदलला तर गोळ्यांची संख्याही बदलते. ३५ ते ४९ किलोला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४पासून ही रक्कम ५०० वरून वाढवली आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांनाही ती मिळते, फक्त सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद झालेली हवी. पैसे आले नाहीत तर आशाताईंना किंवा टीबी केंद्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारा, नाहीतर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

टीबीतले बरेच मृत्यू पहिल्या दोन महिन्यांतच होतात. तमिळनाडूने २०२२पासून निदानाच्या दिवशीच गंभीर रुग्ण वेगळे काढायची पद्धत सुरू केली. त्यासाठी पाहायच्या गोष्टी घरीही पाहता येतात: आधाराशिवाय उभे राहता न येणे, पायांवर सूज, मिनिटाला २४हून जास्त श्वास, ऑक्सिजन ९४च्या खाली, बीएमआय १४च्या खाली. यांपैकी काहीही दिसले तर घरी गोळ्या देत बसू नका, रुग्णाला दाखल करा. सहव्याधी असलेल्या रुग्णाबाबत हे आणखी काटेकोरपणे पाळा.

सहा महिन्यांचे कॅलेंडर

सुरुवात: वरच्या तपासण्या, औषधांचा कागद, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी. पहिल्या महिन्यात साखर, बीपी किंवा आयएनआर, जे लागू असेल ते दर आठवड्याला.

दोन महिने पूर्ण: थुंकी, वजन, यकृत, साखर, डोळे. मधुमेहींच्या थुंकीत जंतू अजून दिसत असतील तर घाबरून जाऊ नका, पण पुढची तपासणी चुकवू नका. जंतू औषधाला दाद देतो की नाही ते पुन्हा पाहावे लागते.

शेवट: गोळ्या संपण्याआधी एक आठवडा दुसऱ्या डॉक्टरांकडे कागद घेऊन जा. टीबीमुळे वाढवलेल्या प्रत्येक औषधापुढे खूण करा आणि विचारा, हे कधी आणि किती कमी करायचे. पुढचा महिनाभर साखर, बीपी, आयएनआर पुन्हा पहिल्या महिन्यासारखेच तपासा. थायरॉइडचा डोस बदलला असेल तर टीएसएचची तारीख लिहून घ्या.

त्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी टीबीची तपासणी करून घ्यायची असते. ‘बरा झालो’ म्हणून ती बहुतेक जण सोडतात. मधुमेह, एचआयव्ही, डायलिसिस किंवा धूम्रपान यांपैकी काही असलेल्याने ती सोडू नये, कारण टीबी उलटण्याचा धोका याच लोकांना जास्त असतो. घरातल्या इतरांची तपासणी आणि गरज असेल तर प्रतिबंधक गोळ्या यांचेही त्याच वेळी विचारा. घरात आणखी कोणाला साखर असेल, तर त्या माणसाचे नाव यादीत सर्वांत वर लिहा.